काकू, तुमचा फ्लेक्स झाला

काकू, फ्लेक्स झाला. आधी तेवढं सांगून टाकते, नाही तर तुम्ही मधेच विचाराल, "बाकीचं राहू दे गं, काम झालं का?" झालं. काल शोकसभेत लागला आणि संध्याकाळी उतरलाही. दिवा नाही, हार नाही, कबुतरं नाहीत, गुलाबाच्या पाकळ्या नाहीत. कोपऱ्यात कमळसुद्धा नाही. तेव्हा आता निवांत राहा.

आणखी एक सांगते. ते ऐकून मला कुणी नावं ठेवली तर ठेवोत. तुम्ही गेलात असा तुमच्या अनघाचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. रडू नंतर आलं, ऑफिसातून तुमच्याकडे येताना, मेट्रोत, उभ्यानंच. पण आधी हायसं वाटलं. शेवटचे काही महिने तुम्ही श्वास घेत नव्हतात, श्वास कमावत होतात. बाहेर दिल्लीची ती घाणेरडी हवा, आत त्या यंत्राची घरघर. टेबलावर पेन्सिल तिरकी पडलेली खपायची नाही अशी तुम्ही बाई, आणि नाकात नळी, उशाशी औषधांचा पसारा. "रेश्मा, ती बाटली जरा डावीकडे सरकव, डोळ्याला टोचतेय," एवढं सांगायलासुद्धा तुम्हाला मधे थांबावं लागायचं. मी बाटली सरकवायचे आणि मनात म्हणायचे, देवा, हिला आता सोडव. सुटलात काकू. आधी त्याचा आनंद आहे, मग बाकी सगळं.

शेवटच्या खेपेला मी दवाखान्यात आले तेव्हा तुम्ही मास्क बाजूला केलात आणि मला खुणेनं जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काही तरी जिवाभावाचं बोलणार. मी कान तुमच्या तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, "समोरची पाटी बघितलीस?" समोरच्या भिंतीवर लाल, जाडजूड, सावली दिलेल्या अक्षरांत 'कृपया शांति बनाए रखें' असं लिहिलं होतं आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग होती. "शांत राहा म्हणून केकाटतायत," असं म्हणून तुम्ही हसलात, आणि त्या हसण्यानं इतका खोकला आला की नर्सनं मलाच बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं ते. लोक शेवटचे शब्द जपून ठेवतात म्हणे. माझ्या वाट्याला उद्गारचिन्हं आली, आणि खरं सांगायचं तर मला ती पुरेशी आहेत.

आपली ओळखही पाटीवरूनच झाली होती. नोएडातल्या आपल्या मंडळाचा गणपती. मी राजेंद्र नगरची खोली सोडून नुकतीच इकडे राहायला आले होते. यूपीएससीचे माझे सगळे अटेम्प्ट संपले होते आणि एका कंपनीत 'कंटेंट' नावाची नोकरी लागली होती. त्या नोकरीत नेमकं काय करतात हे बार्शीला अम्मीला मला अजून समजावून सांगता आलेलं नाही. मंडळात आले ती कानावर मराठी पडावी आणि पानात उकडीचे मोदक पडावेत म्हणून. पण काळेकाकांनी, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरींनी, माझं अक्षर बघितलं आणि मला आरतीच्या वेळांची पाटी लिहायला बसवलं. मी ती जीव ओतून लिहिली. आरती लाल, वेळ निळी, प्रसाद हिरवा, सूचना जांभळ्या, आणि सगळ्याखाली दोन-दोन रेघा. परीक्षेची सवय होती ती. उत्तरपत्रिकेत महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ ओढायची असते, आणि मला तर सगळेच शब्द महत्त्वाचे वाटायचे.

तुम्ही पाटीसमोर येऊन उभ्या राहिलात. चष्मा कपाळावर चढवलात. डोळे किलकिले केलेत.

"हे कुणी केलंय?"

"मी, काकू."

"आरती किती वाजता आहे?"

"लिहिलंय ना काकू."

"लिहिलंय. दिसत नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे रंग वापरले आणि या बाईला दिसत नाही? "साडेसात," मी म्हटलं, "निळ्या रंगात आहे बघा."

"मग 'साडेसात' तेवढं मोठं लिही आणि बाकीचं लहान. रेघा सगळ्या काढून टाक. सगळ्यांनाच ओरडायला लावलंस तर ऐकू कुणाचं येणार?"

तेवढ्यात काळेकाका येऊन म्हणाले, "अरे वा, पेठे मॅडम, बिल्कुल रंगीत पाटी झालीय या वेळी!" तुम्ही त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीत. मलाच म्हणालात, "रविवारी घरी ये. येताना तुझ्या परीक्षेच्या नोट्स घेऊन ये."

मला काय माहीत, की तुम्ही उभा जन्म सरकारी खात्यात पुस्तिका आणि पोस्टरं मांडण्यात घालवलाय. मला वाटलं, निवृत्त बाई आहे, वेळ जात नसेल, नोट्स वाचून चार उपदेश करील. मी आले ती भांडायच्या तयारीनंच. तुम्ही नोट्स उघडल्यात. पानंच्या पानं पिवळी. हायलायटर मारून मारून मी कुठं पांढरं शिल्लकच ठेवलं नव्हतं.

"यात महत्त्वाचं काय?" तुम्ही विचारलंत.

"सगळंच."

"अच्छा. म्हणजे काहीच नाही." एकेक पान उलटत तुम्ही म्हणालात, "तू नापास का झालीस ते मला सांगता यायचं नाही. पण तुला झोप का लागत नसेल ते कळलं." मग वही मिटून माझ्याकडे बघितलंत. "संपले ना अटेम्प्ट? बरं झालं. सुटलीस."

काकू, तोवर मला सगळ्यांनी "अरेरे" म्हटलं होतं. मैत्रिणींनी, क्लासच्या सरांनी, अब्बांनी तर फोनवर नुसता उसासा टाकला होता. "बरं झालं" म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या आणि शेवटच्या. मी तिथं तुमच्या डायनिंग टेबलावर डोकं ठेवून भोकाड पसरलं, आणि तुम्ही माझ्या हाताखालून ती वही ओढून बाजूला ठेवलीत, भिजेल म्हणून. याबद्दल मी तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "नमनाला घडाभर तेल नको, काम दाखव."

पुढच्या रविवारी तुम्ही मला टिकल्यांची पाकिटं आणायला सांगितलंत. गोल, काळ्या, लहान-मोठ्या. मला वाटलं कुणाच्या हळदी-कुंकवाला हव्या असतील. तर तुम्ही कोरा कागद पुढ्यात सरकवलात आणि म्हणालात, "यावर एकच टिकली लाव. कुठं लावशील?" मी मधोमध लावली. "झोपली," तुम्ही म्हणालात. मी कोपऱ्यात लावली. "निघून चालली." वर लावली, "तरंगतेय." खाली लावली, "आता पडली." दुपारभर मी टिकली लावत होते आणि तुम्ही भाजी निवडता निवडता तिच्या तब्येतीचं सांगत होतात. मला आधी वेडाचार वाटला. मग संध्याकाळच्या सुमाराला एका जागी टिकली लावली आणि मला स्वतःलाच जाणवलं की आता ती बसलीय. जागच्या जागी बसलीय आणि तरी जागी आहे. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "ठीक."

त्या टिकल्या मी खोलीवर नेल्या, सरावाला. व्हिडिओ कॉलवर अम्मीच्या नजरेला पडल्या. आमच्या घरात टिकलीचं काय काम? अम्मीनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "रेशू, मुलगा कोण आहे? तेवढं सांग फक्त, अब्बांना मी बघते." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही टेबल धरून हसलात. नंतर किती तरी दिवस मी गेले की विचारायचात, "काय, मुलगा काय म्हणतोय?"

बिंदू झाला, मग रेघ झाली. रेघ बारीक केली की कुजबुजते, जाड केली की हुकूम सोडते. मग आकार, मग रंग. रंगाला तर तुम्ही मला कितीतरी महिने हातच लावू दिला नाहीत. "आधी काळ्या-पांढऱ्यात उभं राहायला शिक, मग दागिने घाल." जवळच्या गोष्टी जवळ ठेवाव्यात हे तुम्ही जेवणाच्या टेबलावर शिकवलंत. लोणचं, मीठ, चटणी एका ठिकाणी असतात, कारण हात एकदाच जातो, आणि डोळ्याचंही तसंच असतं. मी तारीख वर आणि पत्ता खाली लिहायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "मीठ बाल्कनीत ठेवलंस."

आणि पोत. हिंदी, मराठी, इंग्रजी पेपरांचे रकाने कापून तुम्ही भिंतीला चिकटवलेत आणि मला मागे मागे सरकायला लावलंत, पार दाराबाहेर. "आता वाच." वाचता येईना. "मग काय दिसतं?" राखाडी पट्टे दिसत होते. एक गडद, एक फिका, एक जरा खरखरीत. लांब जाता येत नसेल तेव्हा तुम्ही डोळे किलकिले करायचात, म्हणजे बारीकसारीक पुसलं जातं आणि मुख्य तेवढं उरतं. "लांबून अक्षरं अक्षरं राहत नाहीत," तुम्ही म्हणालात. "त्यांचं कापड होतं. मांडणाऱ्याला आधी कापड दिसलं पाहिजे, मग अक्षर." हे वाक्य फ्लेक्स करताना कामाला आलं काकू. पण ते पुढे सांगते.

एक गोष्ट मात्र आपली कधी जुळली नाही. रिकामी जागा. तुम्हाला ती हवी असायची, भरपूर, आणि मला तिची भीती वाटायची. "रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे," हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी म्हटलं, "काकू, आमच्या बार्शीत एवढी जागा सोडली तर लोक म्हणतील, शाई संपली." तुम्ही म्हणालात, "म्हणू देत." मी म्हटलं, "आपल्या लोकांना भरलेलं आवडतं. ताट बघा, रुखवत बघा." तुम्ही म्हणालात, "ताटातसुद्धा मधे भाताला जागा सोडतात." मी म्हटलं, "मग त्यावर वरण येतं." कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात आपण पिठलं-भाकरी खायला जायचो, तेव्हासुद्धा हा वाद चालूच. एकदा अनघाही आली होती. तुमची ही मुलगी दिल्लीतच वाढली, तिला आपला वाद निम्माच कळायचा. ती तुमच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "अरे यार, तुम्ही दोघी भांडताय किसके बारे में? खाली जगह के बारे में? म्हणजे नथिंगच्या बारे में?" तुम्ही मान मागे टाकून हसलात आणि मी फोनवर फोटो काढला. तुमचा हसतानाचा तेवढा एकच फोटो आहे जगात. बाकी सगळ्यांत तुम्ही फोटो काढणाऱ्याला कॅमेरा सरळ धरायला सांगत असता.

फोटोच्या कडेचाही आपला वाद होताच. "कडेला अर्धवट काही ठेवायचं नाही. एक तर पूर्ण आत घे, नाही तर पूर्ण बाहेर काढ." मी म्हणायचे, कडेवरचं अर्धवट कधी कधी बोलतं. "बोलत नाही, बडबडतं," तुम्ही म्हणायचात. हे दोन्ही वाद तुम्ही जाईपर्यंत मिटले नाहीत.

तुम्ही माझ्यावर हे काम टाकलंत तो दिवसही आठवतोय. मंडळातले एक जुने आजोबा वारले होते आणि शोकसभेत फ्लेक्स लागला होता. आजोबा वर कोपऱ्यात, लंबगोलात, खाली पणती. आणि मधोमध मंडळाच्या कार्यकारिणीचे फोटो, पदांसकट, आजोबांपेक्षा मोठे. तुम्ही मागच्या रांगेत बसून डोळे किलकिले केलेत आणि माझ्या कानात म्हणालात, "यातलं गेलंय कोण? सगळेच हसतायत." मला तिथं हसू आवरेना. बाहेर पडल्यावर तुम्ही अगदी सरळ आवाजात म्हणालात, "माझं असलं काही केलंत तर उठून येईन. आणि माझं तू करायचंस, रेश्मा."

"काकू, काही तरीच काय बोलता!"

"काही तरीच काय त्यात? काम सांगतेय. फक्त डेडलाइन माहीत नाही."

ती आली काकू, गेल्या आठवड्यात. तुम्ही जाऊन तास झाला नसेल, तोवर मंडळाच्या ग्रुपवर काळेकाकांनी फोनमधल्या कुठल्याशा अ‍ॅपवरून बनवलेलं श्रद्धांजलीचं चित्र टाकलं. तुमचा ओळखपत्राचा फोटो, त्याभोवती झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया, वरून उडणारी कबुतरं, आणि त्या अ‍ॅपनं तुमच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा पुसून टाकलेल्या. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी ते बघितलं. हेच मोठं करून शोकसभेच्या हॉलमध्ये लागणार. एवढं एकच मागितलंत तुम्ही माझ्याकडे, आणि तेही माझ्या हातून निसटणार.

मी काळेकाकांना फोन केला. म्हटलं, फ्लेक्स मी करते, काकूंनी सांगितलं होतं. ते लगेच म्हणाले, "चलो, बढिया! तूच कर बेटा. मी नावं पाठवतो." नावं आली. काकू, ती नावं होती की जनगणना! अध्यक्ष, माजी अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, महिला आघाडी, भजन मंडळ, सल्लागार. सोबत निरोप, 'भावपूर्ण श्रद्धांजली मोठं टाक, पदं विसरू नकोस.' मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मेलेल्या माणसाच्या अंगावर उभं राहून मिरवायचं असेल तर दुसरीकडे मिरवा. काकूंच्या फ्लेक्सवर एकही नाव येणार नाही.

काळेकाका ऐकून घेत राहिले. मला वाटलं आता ते भडकतील. पण ते उठून आत गेले, माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि समोर बसले.

"तुला वाटतं लोकांना मिरवायचंय. काहींना असेल, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण बेटा, आपल्या गावाकडे माणूस गेलं की काय करतात? दारात जाऊन उभे राहतात. बोलायचं काही नसतं, नुसतं उभं राहायचं. इथं सोसायटीच्या गेटवर गार्ड अडवतो. किस फ्लॅट में जाना है, फोन लगवाइए. मग आम्ही उभं राहायचं कुठं? फ्लेक्सवर राहतो, झालं."

मी ते पाणी पिऊन टाकलं. काकू, तुम्ही असतात तर यावर तुम्हाला तरी उत्तर सुचलं असतं का? माझ्या मते नसतं. तुम्ही चष्मा पुसत बसला असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याच डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. अनघा समोर बसून होती. मी तुमचा हसरा फोटो घेतला आणि मोठा केला, डाव्या बाजूला, मधोमध नाही. टिकलीसारखा सरकवत राहिले, बसेपर्यंत. शेजारी तुमचं नाव, कुंदा पेठे. बास. 'भावपूर्ण' नाही. भाव असला तर लिहावा लागत नाही, आणि नसला तर लिहून येत नाही. बाकी सगळी जागा पांढरी. घ्या, तुमची रिकामी जागा. या वेळी तिची भीती वाटली नाही, कारण ती खरंच रिकामी होती.

मग नावं. आधी म्हटलं वेगळ्या कागदावर लावू. पण काळेकाकांचं ते 'उभं राहायचं कुठं' डोक्यातून जाईना. आणि मग तुमचे ते भिंतीवरचे पेपरचे रकाने आठवले. मी सगळी पदं उडवली. सगळी नावं एका मापात, बारीक, एकापुढे एक, मधे जागा न सोडता, अकारविल्हे लावली. फ्लेक्सच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग लॅपटॉप तिथंच ठेवून मी मागे सरकत सरकत तुमच्या दाराबाहेर गेले. नावं नावं राहिली नव्हती काकू. राखाडी कापड झालं होतं, आणि तुम्ही त्यावर बसून हसत होतात.

अनघाची फोटोवरून नजर हलत नव्हती. "रेश्मा, आईच्या खांद्यावर वो उंगलियाँ... ती माझी आहेत ना?"

तुमच्या डाव्या खांद्यावर, अगदी कडेला, तिची चार बोटं आली होती. मनगट बाहेर, बोटं आत. शुद्ध अर्धवट.

"काढता येतील," मी म्हटलं.

"आई असती तर काढायला लावली असती."

"हो. लगेच."

तिनं स्क्रीनवरच्या त्या बोटांवर आपलं बोट ठेवलं. मग म्हणाली, "मत निकाल." आणि आत निघून गेली. मी नाही काढली. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे. वाद चालू ठेवू.

सगळं झाल्यावर मी सवयीनं फोन उचलला, तुम्हाला पाठवायला. इतकी वर्षं प्रत्येक काम आधी तुमच्याकडे गेलंय. तुमचं 'ठीक' आल्याशिवाय मी लग्नपत्रिकासुद्धा छापायला दिली नाही. ऑफिसात आता मी चार जणांच्या कामावर सह्या करते, पण माझ्या कामावरची सही तुमचीच. हे तुम्हाला कधी बोलले नाही, की त्या एका शब्दाची वाट बघताना मला परीक्षेच्या निकालाच्या दिवसासारखं व्हायचं. तुमचा राग यायचा आणि तुमच्यावाचून चालायचंही नाही. फोन हातात धरून बसले आणि कळलं, आता निकाल लागणार नाही. कुणी लावणारच नाही. पोरकं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, खोटं कशाला बोलू, थोडं मोकळंही वाटलं. मग तुमचीच युक्ती केली. लॅपटॉपवर फ्लेक्स उलटा फिरवला, डोकं खाली पाय वर, आणि बघितलं कुठल्या बाजूला झुकतोय का. तुम्ही उलट्या होऊनही तोल सांभाळून होतात.

काळेकाकांना दाखवला. त्यांनी आपलं नाव शोधलं. त्यांचं नाव वसंत, म्हणजे पार शेवटाकडे. "अरे, मैं तो वेटिंग लिस्ट में चला गया," ते म्हणाले. पदं कुठं गेली ते मात्र त्यांनी विचारलं नाही. फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ही अशी हसायची होय?"

छपाईवाल्याकडे मी स्वतः गेले. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या जागेत एक पेटता दिवा आणून ठेवला.

"भैया, ये क्या?"

"मैडम, बहुत खाली लग रहा है. माताजी हैं, एक दीया तो बनता है. पैसा नहीं लूँगा."

"माताजी को पसंद नहीं था. गुस्सा करेंगी."

"पर वो तो गुज़र गईं ना?"

"फिर भी."

त्यानं एकदा तुमच्या फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दिवा मुकाट्यानं उचलला. मशीनमधून शेवटचा इंच बाहेर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

काल पाच वाजता सभा. मी सगळ्यात मागे, दाराशी उभी होते. लोक यायला लागले. दारात येऊन थबकायचे. कुणी चपला काढता काढता वर बघून थांबलं, कुणी "अरे, हसतायत बघ," म्हणालं. सगळ्यांना आधी तुम्ही दिसत होतात. मग ते पुढे जायचे, कारण नाव असणार हे माहीत होतं आणि लांबून वाचता येत नव्हतं. जवळ जायचे, वाकायचे, बोट फिरवत आपलं नाव शोधायचे. सापडलं की तिथंच क्षणभर उभे राहायचे. काकू, एकेक जण तुमच्या दारात येऊन उभा राहत होता. काळेकाका तर दोनदा जाऊन आले. माझा जीव भांड्यात पडला.

मग कुणी तरी तुमच्याबद्दल बोलायला लागलं, आणि मी इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलं. भरभरून आलं. समोरचं सगळं विरघळलं. नावं एकमेकांत मिसळून राखाडी झाली. अनघाची बोटं तुमच्या पदरात मिसळून गेली. हॉल, माणसं, खुर्च्या, काही राहिलं नाही. त्या पाण्यातून एक हसरा चेहरा तेवढा दिसत होता आणि शेजारी एक नाव, भोवती भरपूर पांढरं.

डोळे किलकिले करायची गरजच पडली नाही काकू. मी डोळे न पुसता तशीच बघत राहिले, आणि माझं मीच म्हटलं, ठीक.